नऊ कॅसेटी आणि एक फ्रिज

आपल्या हातून घरासाठी काहीतरी भरीव कार्य व्हावं, अशी उबळ मला साधारण वर्षातून एकदा येते. ती ओसरेपर्यंत घरातले लोक शक्यतो माझ्या वाटेला जात नाहीत. त्या दिवसांत माझ्या हातात स्क्रू ड्रायव्हर दिसला की बायको मला पिशवी देऊन बाहेर पाठवते. या वर्षी मात्र ही उबळ भाचीमुळे आली, त्यामुळे कुणाला काही बोलता आलं नाही.

माझी धाकटी बहीण लांब राहते. दोन-तीन वर्षांनी एकदा येते आणि मोजून बारा दिवस राहते. या वेळी तिसऱ्या दिवशी तिच्या मुलीने, वय वर्षं नऊ, जेवता जेवता विचारलं की आई माझ्याएवढी असताना कशी दिसायची. सगळे एकदम आपापल्या ताटात बघायला लागले. कारण आमच्या घरात धाकटीच्या लहानपणाचा एकही फोटो नाही. सगळे फोटो एका अल्बममध्ये होते, अल्बम भिंतीतल्या कपाटात होता, आणि कपाटामागच्या पाइपाचा जोड आम्ही आठवडाभर बाहेरगावी गेलो असताना गळला. परत आलो तेव्हा अल्बमचा लगदा झाला होता. माझे चार फोटो वाचले, कारण ते आत्याने मागून नेले होते. धाकटीचे कुणी मागितले नव्हते.

"कॅसेटी आहेत की," मी म्हणालो.

धाकटी हसली, पण ते हसणं काही बरं नव्हतं. "त्यात मी नाही, दादा. त्यात फ्रिज आहे," ती म्हणाली.

आता हे कॅसेटींचं प्रकरण सांगितलं पाहिजे. आमचे बाबा पंप बनवणाऱ्या कारखान्यात तपासनीस होते. तयार झालेला प्रत्येक भाग हातात घ्यायचा, त्याला गेज लावायचं, आणि बसला तर पास, नाही बसला तर परत. गेज म्हणजे पोलादाचा साधा ठोकळा. माल बदलतो, गेज बदलत नाही, एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान होतं आणि ते त्यांनी चौतीस वर्षं इमानाने पाळलं. घरीही त्यांची नजर तीच. पाहुणे नवं घर कौतुकाने दाखवत असताना बाबा चौकटीचा कोपरा काटकोनात आहे का ते बघत असत. एखादी गोष्ट त्यांना पसंत पडली तर ते काहीच म्हणत नसत, आणि त्यालाच आम्ही कौतुक समजायला शिकलो होतो.

कारखान्याच्या क्लबने एक व्हिडिओ कॅमेरा घेतला होता आणि तो पाळीपाळीने सभासदांच्या घरी जायचा. वर्षातून एक रविवार आमचा. इतरांनी त्या रविवारी बागेत जाऊन पोरांना नाचवलं, आजी-आजोबांना हात हलवायला लावले. आमच्या बाबांनी घराची वार्षिक तपासणी केली. आधी फ्रिज, मग पाण्याची मोटर, मग नळांचे जोड, खिडक्यांच्या बिजागऱ्या, शेवटी विजेचं मीटर. माणसं अजिबातच नव्हती असं नाही. प्रत्येक वर्षी आम्हा भावंडांना फ्रिजच्या बाजूला उभं केलं जाई. आईला मात्र त्या वेळी स्वयंपाकघरात यायला बंदी असे, कारण ती मध्येच दूध काढायला फ्रिज उघडायची.

अशी नऊ वर्षं, नऊ कॅसेटी. एकदाच, कुणाकडून तरी जुना व्हीसीआर आणून, पाहुण्यांसमोर त्यातली एक लावली होती. फ्रिज दिसला, फ्रिजशेजारी आम्ही दिसलो, आणि एक काका म्हणाले की वा, फ्रिज केवढा आहे ते कळावं म्हणून पोरं मापाला उभी केलीत. खोलीभर हशा पिकला. मीही हसलो, आठ वर्षांची धाकटीही हसली. बाबांनी उठून कॅसेट काढली, खोक्यात ठेवली आणि खोक्याला दोरी बांधली. पुढे धाकटी बारा-तेरा वर्षांची झाली त्या सुमारास त्यांनी क्लबमधली आपली पाळीच दुसऱ्याला देऊन टाकली.

हे सगळं आम्ही विनोद म्हणून सांगत आलो. धाकटीही सांगायची. पण त्या दिवशी जेवण झाल्यावर भांडी पुसता पुसता ती मला हळूच म्हणाली, "दादा, बाबांनी कधी माझ्याकडे बघितलंच नाही रे. फ्रिजची उंची कळायला पट्टी लागते ना, तशी मी होते. आणि पट्टीचंही काम संपलं तेव्हा कॅमेरासुद्धा आणायचे बंद झाले." ती रडत वगैरे नव्हती. ताट दोनदा पुसून झालं होतं, तरी ती तेच पुसत होती.

मी तिथल्या तिथे जाहीर केलं की ती जायच्या आत नऊही कॅसेटींच्या डिस्क करून देईन. बायकोने विचारलं की आजकाल डिस्क कोण बघतं, पेन ड्राइव्हवर का नाही घेत? मी तिला समजावलं की पेन ड्राइव्ह हरवतो, डिस्कवर मार्करने नाव घालता येतं, आणि तिला एक प्रकारचं भारदस्तपण असतं. या वाक्याची आठवण मला पुढे बऱ्याच जणांनी करून दिली.

शेजारी राहणाऱ्या गृहस्थांना आम्ही खासगीत सल्लागार म्हणतो. ते बँकेत कॅशियर होते आणि आता सगळ्या विषयांत निवृत्त तज्ज्ञ आहेत. जुन्या कॅसेटी आधी दोन तास उन्हात ठेवाव्यात म्हणजे दमटपणा जातो, असं त्यांनी सांगितलं. वरच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या काकूंनी कॅसेटी फ्रिजमध्ये ठेवायला सांगितलं. दोन्ही सल्ले ठाम होते. मी कुणालाच न दुखवण्याच्या माझ्या स्वभावानुसार अर्ध्या उन्हात ठेवल्या आणि अर्ध्या फ्रिजमध्ये. बाबांनी येऊन दोन्हीकडच्या बाहेर काढल्या, पुसल्या, नंबराप्रमाणे लावल्या आणि खोलीत गेले.

सल्लागारांकडे व्हीसीआरही निघाला. दहा वर्षं त्यांनी त्यावर कुंडी ठेवली होती. तो आमच्याकडे आणून जोडल्यावर मी एक नंबरची कॅसेट घातली. कुठलीही घातली असती तरी चाललं असतं, पण मला पहिल्यापासून क्रमाने करायची खोड आहे. एक नंबरच्या कॅसेटमध्ये धाकटी चार वर्षांची होती. यंत्राने ती आत घेतली, कण्हल्यासारखा आवाज केला आणि टीव्हीवर मुंग्या दिसू लागल्या. मी बाहेर काढायचं बटण दाबलं. कॅसेट आली, पण तिच्या पोटातली फीत आतच अडकलेली. मी हलकेच ओढली. मग थोडी कमी हलकेच ओढली. सल्लागार म्हणाले, जरा जोर लावा. पाच मिनिटांनी हॉलमध्ये काळ्या फितीचा ढीग पडला होता, तिचं एक टोक माझ्या हातात आणि दुसरं यंत्रात होतं, आणि सल्लागारांना घरी काहीतरी काम आठवलं होतं.

धाकटी दारात उभी होती. ती खाली बसून फीत गोळा करायला लागली, हेच मला लागलं. शिव्या दिल्या असत्या तर मी काहीतरी बाजू मांडली असती.

दुसऱ्या दिवशी आम्ही बाजारातल्या मोठ्या स्टुडिओत गेलो. काउंटरवरच्या टाय घातलेल्या माणसाने खोक्याकडे न बघताच चार पानी फॉर्म पुढे सरकवला. कॅसेटींची मालकी कोणाची, मजकूर कोणाचा, त्यात दिसणाऱ्या प्रत्येक व्यक्तीचं नाव, वय आणि संमतीची सही. मी म्हणालो की त्यात कोण दिसतं हे बघण्यासाठीच तर आम्ही आलोय. तो म्हणाला की सह्या असल्याशिवाय आम्ही बघू शकत नाही. मी म्हणालो की बघितल्याशिवाय सह्या कुणाच्या घेऊ. त्याने सहानुभूतीने मान हलवली आणि पान तीनकडे बोट दाखवलं. तिथे लिहिलं होतं की माहिती अपूर्ण असल्यास मजकुराची तपशीलवार यादी जोडावी.

यादी बाबांकडे असणार यात शंकाच नव्हती. घरी येऊन मागितली तर त्यांनी कपाटातून वही काढून दिली. एकेका कॅसेटला एकेक पान, सुबक अक्षर. एक नंबर: फ्रिज, मोटर, नळजोड सात, बिजागऱ्या, मीटर. दोन नंबर: फ्रिज, मोटर, नळजोड सात. धाकटीने नऊही पानं उलटली. कुठेही मुलगा नव्हता, मुलगी नव्हती. तिने वही मिटून माझ्या हातात दिली आणि भाचीला म्हणाली, "चल, आपण गच्चीवर जाऊ."

स्टुडिओवाल्याला मात्र यादी फार आवडली. फ्रिजला संमती लागत नाही, त्यामुळे त्याचं काम सोपं झालं. शिक्का मारला, पावती केली, आणि मग पहिल्यांदाच खोकं उघडून तो दोन पावलं मागे सरला. कॅसेटींना बुरशी होती. बुरशीचा माल आम्ही घेत नाही, असं तो म्हणाला. हे आधी का नाही सांगितलं असं मी विचारल्यावर त्याने पान चार दाखवलं.

मी खोकं घेऊन घरी आलो. धाकटीचे सहा दिवस उरले होते. बाबा हॉलमध्ये पेपर वाचत होते. पेपर खाली न घेताच ते म्हणाले की जुन्या बाजारात पंख्यांच्या दुकानामागे वायंडिंगच्या बाई बसतात, त्यांच्याकडे जा. आणि जाताना त्या फितीला हात लावू नकोस. या दुसऱ्या वाक्याची खरं तर गरज नव्हती.

वायंडिंगच्या बाई म्हणजे साठी ओलांडलेली, जाड भिंगांचा चष्मा लावणारी, काटकुळी बाई. पूर्वी त्या बाबांच्याच कारखान्यात मोटरींच्या तारा गुंडाळायच्या खात्यात होत्या. आता टेबलाएवढ्या दुकानात जुनी यंत्रं दुरुस्त करतात. मी बाबांचं नाव सांगितलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे नीट बघितलं.

"तुमच्या वडिलांनी माझं काम तीनदा परत पाठवलं होतं," त्या म्हणाल्या. "तीनदा रडले मी. चौथ्यांदा पास केलं आणि म्हणाले, आता चांगलं झालं. सगळ्या नोकरीत त्यांच्याकडून तेवढं एकच वाक्य मिळालं. पण अजून पुरतंय बघा."

मी मनातल्या मनात हिशेब केला. मला अजून एकही मिळालं नव्हतं.

मग त्या बाईंनी जे काम केलं ते बघायला मी चार दिवस रजा टाकली. जिल्ह्याच्या ठिकाणी एखादा मोठा गवई आला तर लोक टाकतात तशी. त्यांनी एकेक कॅसेट पाच बारीक स्क्रू काढून उघडली. फिरकी हाताने फिरवत, फितीचा वीत वीत भाग मऊ कापडावरून नेत बुरशी पुसली. घाई नाही, बडबड नाही. मी तोडलेल्या एक नंबरच्या फितीच्या चुरगळलेल्या ढिगातली एकेक सुरकुती त्यांनी दीड दिवस घेऊन बोटाने सरळ केली, फाटलेली टोकं तिरकी कापली, जोडपट्टी लावली आणि सगळं एका रिकाम्या कॅसेटमध्ये बसवलं. किती गेलं असं मी घाबरत विचारलं. "पाच सेकंद," त्या म्हणाल्या, "आणि तुमची रजा." नंतर खरं काम सुरू झालं. जेवढ्या वेळाची कॅसेट, तेवढाच वेळ ती डिस्कवर यायला लागतो, त्यात कुणाचा वशिला चालत नाही. पडदा त्यांच्या बाजूला होता. मला बघू द्या म्हटलं तर म्हणाल्या, "ज्यांचं आहे त्यांच्यात बसून बघा." पैसे देऊ लागलो तेव्हा त्यांनी नेहमीचे घेतले, वर बाबांना निरोप दिला की माल तपासून कळवा.

धाकटीच्या जाण्याच्या आदल्या दिवशी सकाळी मी नऊ डिस्क घेऊन विजयी वीराच्या थाटात घरात शिरलो, आणि तेव्हा लक्षात आलं की आमच्या घरात डिस्क लावायला काहीही नाही. माझ्या लॅपटॉपला फट नव्हती. धाकटीच्या लॅपटॉपला फट तर सोडाच, जाडीच नव्हती. बायकोने भारदस्तपणाचा उल्लेख केला. सल्लागारांनी त्यांचा प्लेअर गेल्याच महिन्यात भंगारात दिला होता आणि देताना मला विचारायचं राहिलं याबद्दल त्यांना मनापासून वाईट वाटलं.

प्लेअर सापडला तो दातांच्या डॉक्टरांकडे. त्यांच्या प्रतीक्षाखोलीत हिरड्यांची निगा राखण्याची एक डिस्क वर्षानुवर्षं फिरते. एका दिवसापुरता द्यायला ते तयार झाले, पण आलाच आहात तर बघू द्या म्हणाले. मी तोंड उघडलं, आणि अर्ध्या तासाने दुपारी प्लेअर काखेत घेऊन बाहेर पडलो तेव्हा माझी एक दाढ कमी झाली होती, तोंडात कापसाचा बोळा होता आणि डावा गाल माझा राहिला नव्हता. उपकाराची इतकी रोख परतफेड मी कधी केली नव्हती.

दुपारी चार वाजता सगळे हॉलमध्ये बसलो. बाबा त्यांच्या खुर्चीत, आई त्यांच्या शेजारी, धाकटी मुद्दाम सगळ्यांत मागे. मी प्रास्ताविक करायचं ठरवलं होतं, पण तोंडातून नुसते बुडबुडे आल्यामुळे सरळ डिस्क लावली.

एक नंबर. फ्रिज. शेजारी नऊ वर्षांचा मी, छाती पुढे काढून. माझ्या बाजूला फ्रिजच्या दाराच्या मुठीला जेमतेम पोचणारी, दोन वेण्यांची, चार वर्षांची धाकटी. भाची पुढे सरकली. कॅमेऱ्यामागून बाबांचा आवाज आला, "टाचा टेकव." पडद्यावरच्या धाकटीने टाचा टेकवल्या आणि दोन बोटं खाली गेली. पाच सेकंदांची एक उडी आली, ती माझी कामगिरी. मग कॅमेरा तिच्या डोक्यावर आला आणि तिथेच थांबला, चांगलं अर्धं मिनिट. मग मोटर, मग नळजोड.

दोन नंबर. फ्रिज, तीच जागा, तोच कोन. टाचा टेकव. तीन. चार. धाकटी मुठीच्या वर आली. दरवर्षी चवड्यांवर उभी राहायची आणि दरवर्षी तोच आवाज तिला खाली आणायचा. पाच नंबरला मी सरसावून बसलो, कारण त्या वर्षी मला मिसरूड फुटायला लागली होती. फ्रिज आला, धाकटी आली. मी कुठेच नव्हतो. सहाला नव्हतो. फ्रिजच्या दारावर टेबललॅम्प धरलेली माझी सावली तेवढी होती, आणि तिला बाबा म्हणत होते, "हलू नकोस, तिच्यावर उजेड धर." आजवर मी सगळ्यांना सांगत आलो होतो की कॅसेटींमध्ये मुख्यतः मीच आहे. दुखावलेला गाल दुखावलेल्या मानासाठी सोयीचा पडला. सहा नंबरच्याच शेवटी कपाटामागचा पाइप दिसला आणि बाबांचा आवाज म्हणाला की हा जोड गळणार. आईने कपाळावर हात मारला.

नऊ नंबर. बारा वर्षांची धाकटी फ्रिजशेजारी उभी. टाचा टेकवलेल्या, आवाज यायच्या आधीच. तिचं डोकं फ्रिजच्या वर दोन बोटं दिसत होतं. कॅमेरा तिच्या डोक्यावर गेला आणि थांबला, नेहमीपेक्षा जास्त. मागून बाबांचा आवाज आला, कुणाला उद्देशून नव्हे, आपल्याशीच बोलल्यासारखा. "झालं. चांगलं झालं."

त्यानंतर मोटर नव्हती, नळजोड नव्हते. तिथेच संपली ती कॅसेट.

धाकटी मागून म्हणाली, "बाबा, वहीत तुम्ही नुसतं फ्रिज का लिहिलंत?"

"फ्रिज चार फूट सात इंच," बाबा म्हणाले. "तो वाढत नाही. म्हणून तुला त्याच्याशेजारी उभं करायचो. वहीत गेज लिहायचं असतं. माल काय आहे ते तपासणाऱ्याला माहीत असतं." ते पुढे म्हणाले, "नवव्या वर्षी तू वर गेलीस. तुला लावायला घरात दुसरं काही नव्हतं. म्हणून पाळी देऊन टाकली." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझं पाचव्यालाच उरकलं होतं."

ते काका हसले तेव्हा तुम्ही सांगितलं का नाही, असं आईने विचारलं. बाबा म्हणाले की मला कुणी विचारलं नाही.

धाकटी उठली. पुढे येईल, काहीतरी बोलेल असं मला वाटलं. ती सरळ स्वयंपाकघरात गेली. तो फ्रिज अजून तिथेच आहे, दरवर्षी तपासला गेल्यामुळे असेल, अजून थंड करतो. ती त्याच्या शेजारी, त्याच बाजूला जाऊन उभी राहिली, दोन्ही हात सरळ खाली सोडून. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते ती पुसत नव्हती, कारण फ्रिजशेजारी हलायचं नसतं. भाची धावत जाऊन तिच्याजवळ उभी राहिली. मी मोबाइल काढला.

बाबा सावकाश उठून दारात आले. आधी त्यांनी फ्रिजकडे बघितलं, मग धाकटीकडे, आणि मग भाचीच्या पायांकडे.

"टाचा टेकव," ते म्हणाले.

भाचीने टाचा टेकवल्या. तिच्या आईने पण टेकवल्या.

"आणि तू जरा मागे हो," बाबा मला म्हणाले. "फ्रिज पूर्ण आला पाहिजे."

मी दोन पावलं मागे झालो.